रक्ताची साक्ष आणि वेळेचे मोल



रक्ताच्या तपासणीवर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि बंदरावर फार झाले. परंतु ज्या दुखण्याने आपली माणसे जातात ते समजून घेणे हेही संघटनेचेच काम आहे, हे आम्हांला उशिरा कळले. कसे कळले, ते आधी सांगतो.

मिरकरवाड्याच्या बंदरातला एक खलाशी. मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा त्याच्या हातात घुसला. हळद दाबून तो पुन्हा समुद्रावर गेला. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, अंगात हुडहुडी भरली. एका दवाखान्यात तापाची गोळी मिळाली. संध्याकाळी तो धापा टाकीत असंबद्ध बोलू लागला. आम्ही त्याला पाहून आलो आणि म्हणालो, "निजू दे त्याला." पहाटे इस्पितळात नेला तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. पुढे त्याच्या बायकोला भरपाई मिळावी म्हणून आम्ही भांडलो. पण ज्या रात्री भांडायला हवे होते, त्या रात्री गप्प बसलो.

या व्याधीचे नाव सेप्सिस. जंतू शरीरात शिरले की शरीर त्यांच्याशी झुंजते. कधी ही झुंजच बेताल होते आणि मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू असे आपलेच अवयव निकामी होऊ लागतात. आग विझवायला सोडलेल्या पाण्याने घराच्या भिंतीच खचाव्यात, तसा हा प्रकार. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसे त्यात दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग रक्त आधी काही सांगते का? सांगते. शेरर नावाच्या जर्मन वैद्याने १८४३ सालीच बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल दाखवले होते. जोराने जाळे ओढणाऱ्याच्या स्नायूंतही ते तयार होते; पण विसावा घेतला की उतरते. अंथरुणावर पडलेल्या रोग्याच्या रक्तात ते चढत असेल, तर आतला कारभार बिघडला असे समजावे. दुसरी खूण प्रोकॅल्सिटोनिनची. जंतुदोषात ते वाढते, हे १९९३ साली फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले. तिसरी सीआरपी, ती १९३० सालापासून माहीत आहे, पण वाढायला अधिक वेळ घेते. आणि अलीकडची म्हणजे रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकारातील तफावत. नेहमीच्या रक्तगणनेबरोबरच ती मोजता येते. अमेरिकेत २०१९ साली तातडीच्या विभागातील प्रौढ रोग्यांसाठी या चाचणीला मान्यता मिळाली.

परंतु यांतली एकही खूण एकटी निवाडा देऊ शकत नाही. मोठ्या अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतरही प्रोकॅल्सिटोनिन वाढते. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटले आहे की, प्रतिजैविक केव्हा सुरू करायचे हे डॉक्टरांनी रोग्याला तपासून ठरवावे, त्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनच्या आकड्यावर विसंबू नये. सेप्सिसने रक्तदाब कोसळत असेल, तर औषध तासाभरात गेले पाहिजे. रक्त हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

यंत्रावाचून केवढे काम होते, ते आपल्याच महाराष्ट्राने दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या स्त्रियांना नवजात बाळाच्या सेप्सिसची लक्षणे ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी जे आकडे मांडले, त्यांप्रमाणे पूर्वी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे सतरा जात. या उपचारानंतर तीनही जाईनात. त्या स्त्रियांच्या हाती प्रयोगशाळा नव्हती. शिकवलेला डोळा होता आणि औषध जवळ होते.

याचा अर्थ यंत्रे नकोत असा कोणी घेऊ नये. मंडणगडपासून राजापुरापर्यंत पसरलेला आपला जिल्हा आहे. २०२३ साली रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण रात्री दोन वाजता रोगी तालुक्याच्या इस्पितळात पोचतो, तेव्हा लॅक्टेटची तपासणी तिथेच आणि त्याच वेळी झाली पाहिजे. सकाळी हाती येणाऱ्या अहवालाचा त्याला काय उपयोग? ही मागणी पगारवाढीइतकीच आमची आहे, आणि आपलीही असावी.

आणि एक काम आपल्या स्वतःच्या हातचे आहे. जखम किंवा ताप असलेला माणूस भराभर श्वास घेऊ लागला, मिनिटाला बावीस किंवा अधिक. बोलण्यात घोटाळा झाला. हातपाय गार पडले किंवा लघवी कमी झाली, तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला हाक द्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हा सेप्सिस तर नाही ना?" यांतले एखादेच लक्षण दिसले, तरी निर्धास्त राहू नका.

आता आमच्या सभासदाला काटा लागला की आम्ही आधी त्याचे श्वास मोजतो. हे एक मिनिटाचे काम आहे. त्या रात्री ते एक मिनिट आमच्यापाशी होते. आम्ही ते दिले नाही. आपण ते द्यावे, एवढेच मागण्यासाठी आज येथे उभे आहोत.