पाटणचा मठ आणि जवळचे वर्गमूळ



चाळीसगावनजीक पाटण येथील इ.स. 1207 चा शिलालेख आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापिला व निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठास मिळावे, असे त्यात नमूद आहे. गणिताची शाळा खानदेशात तेलाच्या पळीवरही चालत होती!

त्या मठात जे शिकविले जाई, त्यात ‘लीलावती’ (शके 1072, म्हणजे इ.स. 1150) अर्थातच होती. तीत एक काटकोन त्रिकोण आहे. त्याच्या दोन्ही बाजू सव्वातीन असून कर्णवर्ग 169/8 येतो. याचे मूळ पूर्ण सुटत नाही. आचार्य विद्यार्थ्यास तेथेच सोडून देत नाहीत. अंश व छेद यांचा गुणाकार 1352. त्यास 10000 ने गुणावे, मूळ घ्यावे. ते 3677 च्या अगदी निकट येते. त्यास 800 ने भागले की 4 पूर्णांक 477/800. याला आचार्य ‘निकट’ मूळ म्हणतात, खरे मूळ म्हणत नाहीत. हा शब्दभेद वर्गात अवश्य सांगावा.

याहूनही सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी बाबिलोनियातील कोणा शिकाऊ लेखनिकाने तळहाताएवढ्या मातीच्या वड्यावर एक चौरस व त्याचे कर्ण रेखाटले. तो वडा आज अमेरिकेतील येल विद्यापीठात आहे. तेथील लोक साठाच्या पटीने गणित करीत. कर्णावर त्याने 1, 24, 51, 10 हे अंक कोरले. आपल्या दशमान पद्धतीत ते सुमारे 1.414213 होतात. रीत त्याने लिहिलेली नाही. परंतु अभ्यासकांचा तर्क असा की, अंदाज घ्यावा, त्याने 2 ला भागावे व दोहोंची सरासरी काढावी. 3/2 घेतले तर भागाकार 4/3, आणि सरासरी 17/12. हीच क्रिया पुन्हा केल्यास 577/408 मिळतात. शुल्बसूत्रांतील यज्ञवेदीच्या गणितातही हीच किंमत येते.

आता अंगणात या. दोरीने 120 सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून घ्यावा. 17/12 प्रमाणे कर्ण 170 यावा. काळजीपूर्वक मोजणारा मुलगा मात्र सुमारे 169.7 सांगेल. अशा वेळी पुष्कळदा त्यालाच ‘मोजणी चुकली’ असे ऐकविले जाते. वस्तुतः त्याने तीन मिलिमीटरांचा भेद पकडला आहे. 17 चा वर्ग 289 आणि 12 च्या वर्गाची दुप्पट 288. तो एक कोठून आला, हे फळ्यावर त्याच्याकडूनच मांडून घ्यावे. दोरी सुताची घ्यावी, रबरी ताणली जाते.