आधी श्रवण, मग बोल

माऊली, अभिमन्यूनं सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह ऐकला, ही कथा आपण डोलत ऐकतो. आणि घरी तान्ह्याशी कुणी बोललं की हसतो, "त्याला काय कळतंय!" अहो, पोटातल्या बाळाला शेवटचे 3 महिने आवाज ऐकू येतात. जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण, मग कीर्तन. लेकराचंही तसंच, आधी कान, मग जीभ.

म्हणून 2 वर्षांचं पोर बोलेना, तर "याचा बापही उशिरा बोलला" म्हणत बसू नका. थाळी वाजवली, पोर दचकलं, म्हणजे कान चांगले, असंही समजू नका. थाळी ऐकू येते, पण आईचं हळू बोलणं येत नाही, असे कान असतात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत कान तपासता येतात. भाषा रुजायची ती पहिल्या 3 वर्षांत. वाफसा गेल्यावर पेरलं तर उगवण कमीच होणार ना?

नवस जरूर बोला, विठोबा ऐकेल. पण लेकराला ऐकू येतं का, ते उद्याच दवाखान्यात जाऊन बघा. बोला, रामकृष्णहरी!