'काम बरोबर नाही' म्हणजे काय?



मी मॅट्रिक, धक्क्यावरचा कामगार. भाषण मला जमत नाही. झालं ते सांगतो. आमच्या टोळीतला एक गडी, आठ वर्षं गोणी वाहिलेला. परवा मुकादम म्हणाला, 'उद्यापासून येऊ नको, तुझं काम बरोबर नाही.' काय बरोबर नाही? गोण्या कोणी मोजल्या? कागद कुठाय? काही नाही. गड्यानं आदल्या आठवड्यात ओव्हरटाइमचे पैसे मागितले होते, एवढंच.

१९८० साली सुप्रीम कोर्टापुढे बँकेतल्या एका बाईचा खटला आला. परीक्षा पास झाली नाही म्हणून तिला काढलेली. कोर्ट म्हणालं, हीसुद्धा कामगारकपातच. म्हणजे तेव्हाच्या १९४७ च्या कायद्यानं वर्षात २४० दिवस भरलेल्याला महिन्याची नोटीस नि वर्षामागं १५ दिवसांचा पगार देणं आलंच होतं. मग १९८४ साली त्याच कायद्याला भोक पाडलं: कराराची मुदत संपून नोकरी गेली तर ती कपात नाही! मालकाला मुदतीचा कागद का आवडतो, कळलं?

'लायकी नाही' म्हणूनच आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. तोच शब्द आता हजेरीपटावर आलाय. म्हणून तोंडी आरोप ऐकून घरी जाऊ नका. लेखी मागा, आणि एकट्यानं मागू नका. उद्या सकाळी आमची टोळी गेटवर उभी राहणार आहे. तुम्हीही या.