ब्राउझरची मक्तेदारी आणि निवडीचे स्वातंत्र्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘कोणता ब्राउझर चांगला?’ असा प्रश्न आपले तरुण सहकारी एकमेकांना विचारतात आणि मग वेगाची, सोयीची, बॅटरी किती खर्च होते याची चर्चा रंगते. ती चर्चा निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. या साधनाची मालकी कोणाकडे आहे? आणि ते फुकट मिळत असेल, तर त्याची किंमत कोण आणि कशी चुकती करतो? आज या दोन प्रश्नांचाच विचार करावयाचा आहे.

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखविणारा प्रोग्रॅम. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, बँकेचे खाते, सातबाराचा उतारा, या साऱ्यांकडे जाणारी वाट आज त्याच्यातून जाते. त्यामुळे हा हौशी मंडळींच्या आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही.

प्रथम इतिहास पाहू. वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत मांडली. ही संस्था सदस्य राष्ट्रांच्या सार्वजनिक पैशावर चालते. ३० एप्रिल १९९३ रोजी तिने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले. सामान्य माणसापर्यंत वेब नेणारा ‘मोझॅक’ हा ब्राउझर त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रातून बाहेर पडला आणि त्यालाही सरकारी अनुदानाचाच आधार होता. म्हणजे मूळ भांडवल समाजाचे. खाजगी कंपन्या आल्या त्या तयार नांगरलेल्या शेतात.

१९९४ साली ‘नेटस्केप’ आला आणि त्याने बाजार काबीज केला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ काढला, तो विंडोजला जोडला आणि फुकट वाटला. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये या कंपनीवर खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करावेत असा आदेश २००० साली झाला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, मात्र मक्तेदारी टिकविण्यासाठी बेकायदेशीर मार्ग वापरल्याचा मुख्य ठपका कायम ठेवला. तोवर नेटस्केप मैदानातून जवळजवळ बाद झाला होता. पुढे काय घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी आली ती २००६ मध्ये! प्रतिस्पर्धी संपला की मक्तेदाराला सुधारणेची निकड उरत नाही. दक्षिण कोरियात तर बँकेचे व्यवहार वर्षानुवर्षे या एकाच ब्राउझरला जखडून राहिले होते. सोय म्हणून स्वीकारलेली गोष्ट सक्ती कशी बनते, याचे हे ढळढळीत उदाहरण आहे.

ही कोंडी फोडली ती ‘फायरफॉक्स’ने. नेटस्केपने १९९८ मध्ये आपली मूळ आज्ञावली खुली केली होती. तिच्यातून मोझिला उभी राहिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. जगभरच्या स्वयंसेवकांनी ती आपापल्या भाषांत नेली. मराठीतही फायरफॉक्स उपलब्ध आहे, तो याच परंपरेमुळे.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने ‘क्रोम’ आणला. न्यायाने बोलावयाचे तर तो उत्तम होता. तो वेगवान होता आणि एक पान बिघडले तरी बाकीची पाने चालू राहावीत अशी त्याची रचना होती. त्याने गुणांवर लोकांना जिंकले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गुणांवर मिळविलेले स्थान पुढे कशाच्या बळावर टिकविले जाते, हा वेगळा प्रश्न आहे. आज जगातील ब्राउझरच्या वापरात क्रोमचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे; फायरफॉक्सचा दोनतीन टक्क्यांच्या आसपास उरला आहे.

यावर कोणी म्हणेल, नावे तर पुष्कळ आहेत. एज आहे, ऑपेरा आहे, ब्रेव्ह आहे, व्हिवाल्डी आहे. परंतु ब्राउझरचे हृदय म्हणजे त्याचे इंजिन. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून गूगलच्या क्रोमियमचा आसरा घेतला. मायक्रोसॉफ्टनेही २०१८ मध्ये तोच निर्णय जाहीर केला. दुकानाच्या पाट्या निरनिराळ्या, पण गिरणी एकच, असा हा प्रकार आहे. व्यापक वापरातील इंजिने आज तीनच उरली आहेत: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. यातील ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटपासून वेगळे झाले आणि वेबकिटचा उगम ‘केडीई’ या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातील इंजिनात आहे. सहकारी श्रमातून निर्माण झालेली वस्तू दोन महाकाय कंपन्यांच्या सत्तेचा पाया कशी झाली, हे येथे स्पष्ट दिसते.

क्रोमियमची आज्ञावली खुली आहे, मग मक्तेदारी कसली, असा आक्षेप घेतला जातो. आज्ञावली वाचण्याचा अधिकार सर्वांना आहे, परंतु तिची दिशा प्रामुख्याने गूगल ठरविते. आणि गूगलचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे. वाचकाचा माग काढणाऱ्या परक्या ‘कुकीज’ सफारीने २०२० मध्ये पूर्णपणे रोखल्या. गूगलनेही त्याच वर्षी दोन वर्षांत त्या बंद करण्याचे जाहीर केले, मुदती पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. त्याच सुमारास क्रोमने जोडप्रोग्रॅमांचे नियम बदलले. त्यामुळे जाहिराती रोखणारा ‘यूब्लॉक ओरिजिन’ तेथे पूर्वीसारखा चालेनासा झाला. फायरफॉक्सवर तो चालतो. तेव्हा फुकटाची किंमत कशी चुकती होते, याचे उत्तर येथे मिळते. ती आपल्या लक्षाने आणि आपल्या माहितीने चुकती होते.

दुसरा धागा पैशाचा. आपले शोधयंत्र ब्राउझरवर आधीपासून बसविलेले असावे यासाठी गूगलने एकट्या ॲपलला २०२२ साली सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भागही गूगलकडूनच येतो. म्हणजे प्रतिस्पर्धी मक्तेदाराच्या अन्नावर जगतो! ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी बेकायदेशीर रीतीने टिकविल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरविताना मात्र क्रोम विकण्याची सरकारची मागणी त्यांनी अमान्य केली. इतरांना वगळणारे करार करण्यास मनाई केली, पैसे देण्यास नाही. त्याच वर्षी पर्प्लेक्सिटीचा ‘कॉमेट’ आणि ओपनएआयचा ‘ॲटलस’ असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे दोन नवे ब्राउझर आले. त्यांचाही पाया क्रोमियमच.

आपल्या देशाचे काय? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि २०२५ मध्ये झोहो कंपनी तिची विजेती ठरली. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझरही क्रोमियमवरच उभा आहे. झोहोच्या अभियंत्यांच्या कर्तृत्वाला यात उणेपणा नाही. परंतु इंजिन परक्याचे आणि पाटी आपली, याला स्वावलंबन म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट आपल्या हातातली आहे. कार्यालयातील संगणकावर आयते मिळालेले तेच वापरावे, ही सवय मोडावी आणि निदान एक स्वतंत्र इंजिनाचा ब्राउझर वापरात ठेवावा. परंतु व्यक्तींच्या सद्‌वर्तनाने मक्तेदारी मोडल्याचा दाखला नाही. म्हणून दुसरी मागणी अशी की, शासनाचे प्रत्येक संकेतस्थळ खुल्या मानकांनुसार बांधले जावे आणि कोणत्याही ब्राउझरवर चालावे. एखाद्या शेतकऱ्याला अर्ज भरण्यासाठी विशिष्ट कंपनीच्या दारातून जावे लागू नये. तिसरी मागणी कायद्याची. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे २०२४ पासून तेथे मोबाईलवर ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखविणे बड्या कंपन्यांना भाग पडले आहे. अशी तरतूद येथेही झाली पाहिजे. मात्र पडद्यावरील दहा नावांमागे एकच इंजिन असेल तर ती निवड पोकळ ठरते. म्हणून चौथी मागणी अशी की, स्वतंत्र इंजिनांना सार्वजनिक निधी मिळावा. रस्ते आणि ग्रंथालये आपण जाहिरातदारांच्या दानावर सोडत नाही.

वेब जन्मले ते लोकांच्या पैशावर आणि लोकांसाठी. त्याच्या दारावर आज इतरांनी पाट्या लावल्या आहेत. त्या दाराची मालकी पुन्हा समाजाकडे यावी, हा आग्रह धरण्यासाठी कोणी तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. जागरूक नागरिक असणे पुरेसे आहे.