कलालाच्या घराण्याचा माग
(चिकलठाणा येथें झालेलें भाषण)



सुताराच्या, कुंभाराच्या पोराला आजोबाचा धंदा विचारा, तें चटकन् सांगतें. कलालाच्या पोराला विचारा, तें खालीं पाहतें. पुष्कळ घरें आडनांव बदलून जयस्वाल झालीं, आणि आजोबाची भट्टी घरच्या बोलण्यांतूनही गेली. आम्ही आज त्या भट्टीविषयीं बोलणार आहोंत.

विलायतेंत जवाला मोड आणून व तो वाळवून माल्ट करणारीं घराणीं होतीं. तेथले लोक आज तो धंदा आपल्या वंशावळींत खुशाल लिहितात. आपल्या मुलखांत दारूचा माल निराळा : मोहाचीं फुलें. तीं फाल्गुन-चैत्रांत वेंचावयाचीं, वाळवावयाचीं, पाण्यांत आंबवावयाचीं, मग मडक्याला मडकें जोडून वाफ उतरवावयाची. आंबवण केव्हां तयार झालें, जाळ केव्हां कमी करावा, हें नाकाला व हाताला कळे, पोथीला नव्हे. याला कारागिरी म्हणूं नये तर काय म्हणावें?

मग लाज आली कोठून? निजामाच्या राज्यांत आबकारीचा गुत्ता लिलावानें जाई. जो जास्त बोली बोले तो गुत्तेदार. फसली 1316 सालीं आबकारीचा कायदा झाला. ज्याच्याजवळ पैसा त्याच्या हातीं धंदा; ज्याच्याजवळ नुसतें कसब, त्यानें त्याची चाकरी करावी किंवा चोरून भट्टी लावावी. पैसा खजिन्यांत आणि बदनामी कलालाच्या दारांत! दारूनें घरें बुडतात हें आम्ही नाकारीत नाहीं. जोतीरावांनीं 1880 सालीं पुण्याच्या म्युनिसिपालिटींत दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिलें तें रास्तच होतें. पण लिलाव पुकारणाऱ्याला कोणी कलाल म्हटलें नाहीं. आणि पंजाबांत कपूरथळ्याच्या राजघराण्याचा मूळपुरुष जस्सासिंग अहलुवालिया (1718-1783) कलालाच्याच जातींतला होता.

आतां शोध कसा करावा तें सांगतों. प्रथम घरांतल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. भट्टी कोठें होती, मोह कोठून येई, गुत्तेदार कोण, हें त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. मग कागद. गांवचे जुने कागद मोडींत, सरकारचे फारशी-उर्दूंत. जाणता वाचणारा बरोबर घ्या. साल फसली असेल तर त्यांत 590 मिळवा, इसवी सन येतो. म्हणजे 1316 हें 1906-07. तीर्थाच्या उपाध्यायाच्या बहींतही आपलीं नांवें असतात. ती पहावयास हरकत नाहीं. दक्षिणेचा फार आग्रह झाला तर नमस्कार करून उठावें.

सर्वांत उपयोगी कागद मात्र आबकारीचेच. 2023 सालीं न्यायमूर्ति शिंदे समितीनें कुणबी नोंदी शोधतांना जीं दफ्तरें धुंडाळलीं, त्यांत पाहणीपत्रकाबरोबर उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यांच्या व ताडीच्या नोंदवह्याही होत्या. ज्या वहींत कुणब्याचें नांव शोधतात, तींत कलालाचें कां शोधूं नये? माहितीच्या अधिकारांत अर्ज करा, आणि त्यांत जिल्हा व तालुका जुन्या नांवानेंही लिहा. त्या कागदांवर औरंगाबाद असेंच मिळेल.