झोपडपट्टी आणि कामाचा हक्क



झोपडपट्टीला शहराच्या अंगावरचे गळू म्हणणाऱ्यांनी ती कोठून येते, याचा शोध घ्यावा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याची मोजदाद केली, तेव्हाच शहरातील गरिबी ही खेड्यातून ओसंडून आलेली गरिबी आहे, असे त्यांनी बजावले होते. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेला प्रवरेचे पाणी, उसाचे मळे आणि सहकारी साखर कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हे अवर्षणप्रवण तालुके. ज्याच्या शेताला पाणी नाही, तो ऊसतोडीला जातो किंवा शहराची वाट धरतो.

शहराला त्याचे श्रम हवे असतात. त्याच्या बिऱ्हाडाला मात्र जागा नसते. गवंड्याच्या हाताखाली राबणारा मजूर, बाजारातला हमाल, घरी विड्या वळणारी स्त्री यांच्या कमाईत शहरातील घरभाडे बसत नाही. मग ओढ्याकाठची, कोणालाच नको असलेली जमीन त्यांच्या वाट्याला येते. तेथे पाण्याच्या रांगेत गेलेला प्रत्येक तास रोजगारातून वजा होतो. गरिबाला फुकटची जागा अशी महाग पडते.

यावर कायदे झाले. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावातच ‘सुधारणा’ हा शब्द ‘निर्मूलना’च्या आधी आहे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. नगर शहरातील संजयनगरात २९८ कुटुंबांसाठी आहे त्याच जागी, रहिवाशांना विचारात घेऊन घरे बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. हीच दिशा योग्य होय. गावाबाहेर पक्के घर देऊन रोजगार तोडणे, याला पुनर्वसन म्हणता येत नाही.

तथापि, केवळ घराने दारिद्र्य हटत नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर राबलेल्या हातांच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. ती हमी मुख्यतः ग्रामीण मजुरासाठी होती. पाथर्डीच्या खेड्यात ज्याला काम मागण्याचा हक्क मिळाला, तोच मजूर नगर शहरात आला की त्याचा हक्क वेशीवरच अडला. त्याची भूक मात्र वेशीवर थांबली नाही. म्हणून झोपडपट्टीच्या प्रश्नावरील पहिली मागणी एकच असली पाहिजे : शहरी श्रमिकालाही कामाची कायदेशीर हमी, आणि तो जेथे राबतो त्याच्या जवळ निवारा.