कोंबड्यांचा कलकलाट

परसातल्या कोंबड्यांच्या आवाजांत बरीच खबरबात असते. आकाशात घार दिसली की कोंबडा बारीक, लांबट आवाज काढतो आणि कोंबड्या आडोशाला पळतात. मांजर किंवा मुंगूस जमिनीवरून आलं, तर मात्र तुटक, मोठा गलका; सगळ्यांच्या माना उंच. गंमत म्हणजे, जवळ कुणी नसेल तर घार पाहूनही कोंबडा बहुधा गप्पच राहतो. ओरडायचं कुणासाठी? खुडूक कोंबडीच्या आवाजाला तर अंड्यातलं पिल्लूही, बाहेर येण्याआधीच, चिवचिवून साद देतं.

कळपात मानपानही कडक! कुणी कुणाला टोचायचं, ही उतरंड नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली जर्मन भाषेतल्या निबंधात मांडली. कोंबड्या पाहायचा नाद त्यांना लहानपणापासूनचा. नवी कोंबडी खुराड्यात आली की चोचाचोच होते, ती याच उतरंडीपायी.

आरवण्यातही तेच. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की पहाटे पहिली बांग वरचढ कोंबड्याची. बाकीचे मानाप्रमाणे मागाहून. त्याला तिथून हलवलं, की दोन नंबरचा लगेच पहिली बांग देतो.